एक तार, एक वादक: ओस्कार झाला आणि ट्राउटोनियम

ध्वनिसंकल्पन शिकायला येणाऱ्या मुलांना मी एक प्रसंग आधी डोळे मिटून ऐकायला लावतो. आल्फ्रेड हिचकॉकच्या 'द बर्ड्स' (१९६३) मधला, शेवटाकडचा. खिडक्या फळ्या ठोकून बंद केलेल्या, घरात जीव मुठीत धरून बसलेली चार माणसं आणि बाहेर पक्ष्यांचे थवे. चीत्कार, फडफड, लाकडावर चोचींचे घाव. मग तोच प्रसंग डोळे उघडून बघायचा. मुलं गप्प होतात, कारण पडद्यावर पक्षी फारसे नाहीतच. एखादी चोच आत घुसते, एखादा पंख दिसतो, बाकी सगळी दहशत कानांतून आलेली असते. चित्रीकरणाच्या वेळी नटांना दचकायला समोर काहीच नव्हतं, म्हणून हिचकॉकने सेटवर एक ढोलवादक बसवला होता. त्याच्या ठोक्यांवर ती माणसं भिंतीला चिकटत होती. पक्ष्यांचा आवाज नंतर आला, अटलांटिकपलीकडून, पश्चिम बर्लिनमधल्या एका स्टुडिओतून.

तिथे एक माणूस एका अजब वाद्यासमोर बसून मुके चित्रपट बघायचा आणि तारेवर बोट दाबून आवाज काढायचा. त्याचं नाव ओस्कार झाला. आडनावाचा जर्मन उच्चार हाच, पण मराठी वाक्यात ते क्रियापदासारखं दिसतं, म्हणून पुढे त्याला नुसतं ओस्कार म्हणतो. जगात ते वाद्य गंभीरपणे वाजवणारा तो जवळजवळ एकटाच. १९३० साली, विशीत पोचता पोचता, त्याने ते पहिल्यांदा जाहीर वाजवलं आणि २००२ मध्ये, ९१ व्या वर्षी, त्याचा मृत्यू झाला. मधली सात दशकं तो याच वाद्यापाशी राहिला.

या प्रकरणात मला एकच पेच सोडवून बघायचा आहे. बाजाराने नाकारलेल्या, दुसरा वादक न मिळालेल्या वाद्यावर एका माणसाने आयुष्य कसं काढलं? आणि त्या निष्ठेने वाद्य तगलं, की अडून राहिलं?

संगीतशाळेतली प्रयोगशाळा

ओस्कारचा जन्म १८ जुलै १९१० चा, थ्युरिंगियातल्या ग्राइट्स गावचा. वडील डोळ्यांचे डॉक्टर. १९२९ मध्ये तो बर्लिनच्या संगीत महाविद्यालयात पाउल हिंडेमिट यांच्याकडे रचना शिकायला आला. तिथे वर्षभरापूर्वीच एक वेगळाच विभाग सुरू झाला होता, रेडिओसाठीची प्रयोगशाळा. त्या काळचे मायक्रोफोन आणि कर्णे वाद्यवृंदाचा पार चोथा करत. मग रेडिओवर नेमकं काय चांगलं ऐकू येतं, कसं वाजवावं, कुठे बसवावं, याचा अभ्यास तिथे चाले. त्याच ठिकाणी फ्रीडरिश ट्राउटवाइन नावाचा विद्युत अभियंता काम करत होता. आवाज हवेत काढून मग विजेत पकडण्याऐवजी तो सरळ विजेतूनच काढावा, हा त्याचा विचार. त्यातून जे वाद्य झालं ते ट्राउटोनियम.

या वाद्याची रचना समजून घेणं गरजेचं आहे, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. एका धातूच्या पट्टीवर, किंचित उंचावर, विजेला रोध करणारी तार ताणलेली. बोटाने तार खाली दाबली की ती पट्टीला टेकते. जिथे टेकेल त्यावर रोध ठरतो आणि रोधावर स्वर. बोट सरकवलं की स्वर सरकतो. जितकं खोल दाबाल तितका आवाज मोठा. तारेच्या वर चामडं लावलेल्या काही जिभा बसवलेल्या असत, त्या ठरावीक स्वरांच्या खुणा. पण त्यांच्यावरच वाजवायचं असं बंधन नव्हतं. आवाजाचा मूळ पोत करवतीच्या दात्यांसारख्या लहरीतून यायचा, आणि गाळण्या फिरवून त्याला कधी 'आ', कधी 'ओ' सारखा रंग देता यायचा.

आपल्या वाचकाला यातलं मर्म लगेच कळेल. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली ती १९७१ पर्यंत टिकली, आणि त्या वादातला मुख्य आक्षेप हाच होता की पेटीवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणं, निघत नाही. दोन पट्ट्यांच्या मधली जागा तिच्याकडे नाही. बर्लिनमधला ट्राउटवाइन आपल्या वादाबद्दल काही जाणत नव्हता. पण त्याने वाद्य केलं ते पट्ट्यांचं नाही, तारेचं. सारंगीवाला नखाने जे करतो ते इथे बोटाच्या पेराने करायचं होतं. पुढे बहुतेक इलेक्ट्रॉनिक वाद्यं पियानोच्या पट्ट्या घेऊन आली आणि स्वरांमधली जागा त्यांच्यातून गेली. ओस्कार आयुष्यभर या तारेला चिकटून राहिला याचं पहिलं कारण मला इथेच दिसतं. त्याने यंत्र निवडलं नव्हतं, वाद्य निवडलं होतं.

२० जून १९३० ला बर्लिनच्या नव्या संगीताच्या महोत्सवात तीन ट्राउटोनियम एकत्र वाजली. हिंडेमिट यांनी त्यासाठी सात छोट्या रचना लिहिल्या होत्या. वादक तिघे: स्वतः हिंडेमिट, पियानिस्ट रुडोल्फ श्मिट आणि ओस्कार. पुढच्या वर्षी हिंडेमिट यांनी ट्राउटोनियम आणि तंतुवाद्यवृंदासाठी एक मोठी रचना केली, तीही ओस्कारने वाजवली. पडद्याशी नातं इतक्या लवकरच जुळलं: १९३० च्या डोंगरपटात, 'मॉं ब्लाँवरची वादळं' मध्ये, पाउल देसाउ यांच्या संगीतात हे वाद्य वापरलं गेलं.

नाकारलेलं वाद्य

टेलिफुंकेन कंपनीने ट्राउटोनियम घराघरांत नेण्याचा प्रयत्न केला. १९३३ च्या सुमारास रेडिओला जोडता येईल असं छोटं, एका तारेचं 'जनतेचं ट्राउटोनियम' तिने बाजारात आणलं. विक्री अगदीच थोडी झाली. मंदीचे दिवस होते, किंमत मध्यमवर्गीय घराला झेपणारी नव्हती. पण मला वाटतं मोठं कारण दुसरं होतं. पियानो शिकलेल्या माणसाला हे वाद्य आयतं येत नव्हतं आणि शिकवायला शिक्षक नव्हते. वाद्य विकत आणणं आणि वाद्य येणं यांच्यामध्ये जो गुरू बसलेला असतो, तोच इथे नव्हता.

ओस्कारने या अपयशावर उतारा शोधला तो आतल्या बाजूने. विद्यापीठात तो भौतिकशास्त्र शिकायला गेला. इथून पुढे तो वादकही आहे आणि कारागीरही. रेडिओसाठीचं दोन तारांचं मोठं ट्राउटोनियम, मग प्रवासात नेता येईल असं मैफलीचं ट्राउटोनियम, ही दोन्ही त्याच्या हातून झाली. सतार बिघडली तर सतारिया मिरजेला जातो; ओस्कारला जायला मिरज नव्हतं, म्हणून तो स्वतःच मिरज झाला. माझ्या मते याच टप्प्यावर वाद्य तगलं, आणि याच टप्प्यावर ते एकट्याचं झालं. जो दुरुस्ती करतो तो प्रत्येक वेळी आपल्या हाताला सोयीचा बदल करतो. अशा पन्नास बदलांनंतर ते वाद्य दुसऱ्याच्या हातात बसत नाही.

हे सगळं नाझी राजवटीत चाललं होतं, आणि हा भाग मला सोपा करून सांगायचा नाही. हिंडेमिट यांचं संगीत राजवटीने मोडीत काढलं, १९३८ च्या 'अधःपतित संगीत' प्रदर्शनात त्यांना लक्ष्य केलं, आणि त्याच वर्षी ते देश सोडून स्वित्झर्लंडला गेले. ओस्कार मागे राहिला. सरकारी रेडिओवर त्याचे कार्यक्रम होत राहिले, जर्मन तंत्रज्ञानाची शान म्हणून वाद्याला मान मिळत राहिला. १९४० मध्ये, युद्ध चालू असताना, बर्लिन फिलहार्मोनिकने कार्ल शुरिष्ट यांच्या संचालनाखाली हाराल्ड गेन्त्समर यांचा ट्राउटोनियम कन्चर्टो, म्हणजे एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना, सादर केला आणि एकल वादक अर्थात ओस्कार होता. वाद्याच्या आयुष्यातली ती सगळ्यात प्रतिष्ठेची मैफल. त्याचा गुरू तेव्हा परदेशात होता. राजवटीबद्दल ओस्कारच्या मनात काय होतं हे त्याच्या वादनातून कळत नाही. पण वाद्य वाजत राहावं यासाठी त्याने जी किंमत मोजली ती त्याने एकट्याने मोजली नव्हती, एवढं तरी म्हटलं पाहिजे.

स्वयंभू गंधाराच्या उलट बाजूला

युद्धानंतर, १९४० च्या दशकाच्या अखेरीस, ओस्कारने वाद्य नव्याने बांधायला घेतलं आणि १९५२ मध्ये ते लोकांसमोर आणलं: मिक्स्तुर-ट्राउटोनियम. यातली मुख्य कल्पना त्याची स्वतःची, आणि ती मला फार सुंदर वाटते.

तंबोऱ्याचा खर्ज नीट लागला की त्यातून गंधार आपोआप ऐकू येतो, स्वयंभू गंधार. तार एका गतीने कंप पावते, तिच्या पोटात दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट गतीचे कंपही असतात, आणि पाचपट म्हणजे शुद्ध गंधार. निसर्ग नेहमी असा गुणाकार करत वर चढतो. ओस्कारने भागाकार केला. मूळ स्वराला २ ने, ३ ने, ४ ने असं विसाच्या आसपासपर्यंत भागणारी मंडलं त्याने बसवली. मूळ स्वर ४४० कंपनांचा असेल तर खाली २२०, मग साधारण १४७, ११०, ८८. आपल्या भाषेत सांगायचं तर षड्जाला ३ ने भागलं की खाली शुद्ध मध्यम येतो आणि ५ ने भागलं की कोमल धैवत. म्हणजे तंबोरा ज्या षड्जातून वर पंचम आणि शुद्ध गंधार काढतो, त्याच षड्जातून हे वाद्य खाली मध्यम आणि कोमल धैवत काढतं. जणू पाण्यातलं प्रतिबिंब. एखाद्या साध्या तारेच्या वाद्यातून हे स्वर आपोआप येत नाहीत, म्हणून कानाला ते ओळखीचे असूनही परके वाटतात. सुसंवाद आहे, पण तो आपण कुठे ऐकला हे सांगता येत नाही.

दोन तारा एकावर एक, प्रत्येकीला असे निवडक भागाकारी स्वर जोडलेले, आणि पायाखालच्या पेडलांनी ते मिश्रण वाजवता वाजवता बदलायचं. दोन्ही हात, दोन्ही पाय सतत कामात. एक बोट सरकलं की अख्खा स्वरपुंज सरकतो. याच सरकण्यातून पुढे पक्षी आले.

फाटा

१९५० च्या दशकाची सुरुवात हा या प्रकरणातला निर्णायक क्षण. कोलोनच्या रेडिओत इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला होता. तिथे ट्राउटवाइनचं एक वाद्यही होतं. पण तिथल्या तरुण रचनाकारांना वादक नको होता. शुद्ध लहरी मुद्रित करायच्या, टेप कापायची, सेंटिमीटर मोजून जोडायची. वाजवणाऱ्याच्या हाताचा कंपही त्यांना चालत नव्हता. नव्या संगीताची प्रतिष्ठा तिकडे गेली. ओस्कारकडे त्याच्या उलट सगळं होतं: हात, बोटं, दाब, तालीम.

पारंपरिक मैफलीतही जागा अरुंदच होती. गेन्त्समर यांनी मिक्स्तुर-ट्राउटोनियमसाठी दुसरा कन्चर्टो लिहिला. देसाउ यांनी ल्युकुलुसवरच्या ऑपेरात ट्राउटोनियमला जागा दिली. बायरॉइटच्या वाग्नर महोत्सवात 'पार्सिफाल' या ऑपेरातल्या घंटा, ज्यांच्यासाठी हवा तितका खोल आवाज देणारी खरी घंटा मिळणं कठीण होतं, त्याने आपल्या वाद्यातून दिल्या. पण दुसरे वादक नसल्याने रचनाकार लिहीत नव्हते आणि रचना नसल्याने वादक तयार होत नव्हते.

मग तो पडद्याकडे वळला. १९५८ मध्ये बर्लिनमध्ये एका चित्रपट कंपनीच्या आवारात त्याने स्वतःचा स्टुडिओ थाटला, आणि पुढची कित्येक वर्षं कथापट, माहितीपट, उद्योगपट आणि जाहिराती यांसाठी शेकडो कामं केली. एचबी सिगारेटच्या जाहिरातींत सतत चिडून हवेत उडणारा छोटा माणूस जर्मन घराघरांत माहीत होता. त्याचे आवाजही या वाद्यातून यायचे. हिंडेमिटचा शिष्य, फिलहार्मोनिकबरोबर वाजवलेला वादक, सिगारेटवाल्या बाहुल्याला आवाज देतो, यात काही जणांना उतरंड दिसेल. मला दिसत नाही. रंगभूमीवर पार्श्वसंगीताचं काम करणाऱ्या कोणालाही ठाऊक असतं की रोजचं काम हाताला तयार ठेवतं. तीस सेकंदांत राग, फुगवटा आणि स्फोट एकाच तारेवर काढणं ही सोपी तालीम नव्हे.

मला खुपतं ते वेगळं. पडद्याने या वाद्याला काम दिलं, पण कोणतं काम? फाइट हारलानचा १९५७ चा चित्रपट घ्या. हा तोच दिग्दर्शक, ज्याने नाझी काळात ज्यूद्वेषाचा सर्वांत कुप्रसिद्ध प्रचारपट केला होता. या नव्या चित्रपटात समलिंगी पुरुषांच्या वर्तुळात ओढल्या जाणाऱ्या मुलाची गोष्ट आहे, आणि ते वर्तुळ 'बिघडलेलं' आहे हे प्रेक्षकाला कळावं म्हणून तिथे आधुनिक चित्रं आणि इलेक्ट्रॉनिक संगीत ठेवलेलं आहे. ते आवाज ओस्कारचे. म्हणजे ज्या वाद्यावर त्याने पागानिनी वाजवला, ते इथे संशयाची खूण म्हणून उभं केलं गेलं. हारलानच्या त्या चित्रपटाला हात लावायला नको होता, असंच मी म्हणेन.

पुढे 'ब्लॅकमूर किल्ल्याचा गळा आवळणारा' (१९६३) या खूनपटाचं पूर्ण संगीत त्याने केलं, तिथेही भीती. हूगो नीबेलिंगच्या 'पोलाद' (१९६०) या उद्योगपटात यंत्रं आणि वितळलेला धातू. तो मात्र मला त्याच्या उत्तम कामांपैकी वाटतो, कारण तिथे आवाज यंत्राची नक्कल करत नाही, यंत्राबरोबर चालतो. फ्रिट्झ लांगच्या 'भारतीय समाधी' (१९५९) मध्येही त्याचे इलेक्ट्रॉनिक ध्वनी आहेत. दोन भागांत आलेल्या या चित्रपटाचं काही चित्रीकरण उदयपूरला झालं होतं. त्या चित्रपटातला भारत जर्मन कल्पनेतला, साप, वाघ आणि नाचणाऱ्या दासींचा. तिथेही वाद्य पुन्हा 'परकं' दाखवायलाच वापरलं गेलं.

'द बर्ड्स'

रेमी गासमान हा अमेरिकन रचनाकार हिंडेमिट यांच्याकडेच बर्लिनला शिकलेला. त्याने आणि ओस्कारने मिळून केलेल्या इलेक्ट्रॉनिक संगीतावर जॉर्ज बालंचिनने न्यू यॉर्क सिटी बॅलेसाठी एक नृत्य बसवलं, ते १९६१ मध्ये रंगमंचावर आलं. हिचकॉकपर्यंत ओस्कारचं नाव पोचलं ते गासमानमुळे.

हिचकॉकचा प्रश्न अवघड होता. खऱ्या पक्ष्यांचे मुद्रित आवाज भीती पुरेशी चढवत नव्हते. कावळ्याचं ओरडणं आपण रोज ऐकतो, ते ऐकून कोणी दाराला कडी लावत नाही. आणि या चित्रपटात त्याला नेहमीसारखं पार्श्वसंगीतही नको होतं. त्याचा नेहमीचा संगीतकार बर्नार्ड हरमन इथे ध्वनिसल्लागार म्हणून आहे, एकही चाल न देता. चित्रपटात संगीत म्हणून आहे ते पात्रांच्या जगातलं: नायिका पियानोवर वाजवते ते, शाळेतली मुलं गातात ते. बाकी सगळा भार ध्वनीवर. १९६२ मध्ये हिचकॉक स्वतः बर्लिनला, ओस्कारच्या स्टुडिओत आला. शहराच्या मधून भिंत उभी राहून तेव्हा जेमतेम वर्ष उलटलं होतं.

ओस्कारने काय केलं हे कानांनी तपासण्यासारखं आहे. सुरुवातीची श्रेयनामावली घ्या: पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळ्या पंखांच्या छाया आणि नुसते आवाज. नीट ऐकलं तर तो चीत्कार पक्ष्याच्या आकाराचा असतो, पण पक्ष्याचा नसतो. खरा पक्षी ओरडतो तेव्हा त्याच्या आवाजाला श्वासाची लांबी असते. इथे चीत्कार श्वासाच्या हिशेबाने थांबत नाही. एका चीत्काराखाली त्याचेच भागाकारी स्वर असतात, त्यामुळे एकच पक्षी ओरडला तरी त्याच्यामागे थवा ऐकू येतो. बोट तारेवर सरकतं तेव्हा सगळा थवा एकाच मनाने वळतो. खरा थवा असा वळत नाही. त्यात मागे राहणारे, चुकणारे असतात. ही एकजूटच घाबरवते. म्हणूनच मी म्हणतो, हे आवाज यंत्राने केलेले नाहीत, वाजवलेले आहेत. कोणी पट्टी दाबून काढले असते तर त्यांत हेतू ऐकू आला नसता.

पोटमाळ्यावरच्या हल्ल्यात चीत्कार नाहीत, फक्त पंखांची फडफड आहे, आणि ती जितकी मऊ तितकी असह्य. सगळ्यात मला आवडतो तो शेवट. हजारो पक्षी शांत बसलेत, माणसं पावलं न वाजवता त्यांच्यामधून गाडीकडे जातात. हिचकॉकने फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोला नंतर सांगितलं होतं की इथे त्याला नुसती शांतता नको होती, इलेक्ट्रॉनिक शांतता हवी होती. लांबून येणाऱ्या समुद्रासारखी, एकसुरी. ओस्कारने ती दिली. शांतता वाजवायला सांगणारा दिग्दर्शक आणि ती वाजवू शकणारा वादक एकमेकांना सापडले ही या कारकिर्दीतली सर्वांत भाग्याची गोष्ट.

श्रेयनामावलीत गासमान आणि ओस्कार यांची नावं इलेक्ट्रॉनिक ध्वनीची निर्मिती आणि रचना यासाठी आहेत. 'रचना' हा शब्द तिथे आहे हे मला महत्त्वाचं वाटतं. ऑस्करच्या नामांकनांत मात्र या चित्रपटाच्या दृश्यपरिणामांना जागा मिळाली, ध्वनीला नाही.

दुसरी दोन वाद्यं

आता मूळ प्रश्नाकडे. त्याच पिढीतल्या दोन वाद्यांचं काय झालं ते शेजारी ठेवून बघू.

मोरीस मार्तनो याने १९२८ मध्ये पॅरिसला आपलं 'ओंद' वाद्य लोकांसमोर ठेवलं. त्यावरही स्वर सरकवता येतो, त्यालाही शिकावं लागतं. पण १९४७ मध्ये पॅरिसच्या संगीत विद्यालयात त्याचा वर्ग सुरू झाला. शिष्य तयार झाले, शिष्यांसाठी ऑलिव्हिये मेसियानसारख्यांनी लिहिलं, आणि ते वाद्य आजही वाद्यवृंदांत वाजतं.

दुसरं उदाहरण आपल्या घरचं. कॉन्स्टंट मार्तँ या फ्रेंच माणसाने १९४७ मध्ये क्लेव्हियोलिन केलं: छोटं, पट्ट्यांचं, पियानोखाली अडकवता येईल असं, कारखान्यात बनणारं. ते जगभर विकलं गेलं, मुंबईतही आलं, आणि १९५४ च्या 'नागिन' मध्ये कल्याणजींनी त्यावर पुंगी वाजवली. त्या आवाजाने महाराष्ट्राच्या गावोगावच्या तंबूंतले प्रेक्षक डोलले. ध्वनीच्या दृष्टीने क्लेव्हियोलिन ट्राउटोनियमच्या पासंगालाही पुरत नाही. पण ते मिळत होतं आणि ते वाजवायला वीस वर्षं लागत नव्हती.

ट्राउटोनियमला ना वर्ग मिळाला ना कारखाना. ओस्कारने पेटंट घेतली, वाद्य सुधारत नेलं, पण त्याची दुसरी प्रत निघेल अशी व्यवस्था बराच काळ झाली नाही. इथे चूक त्याची किती आणि काळाची किती? टेलिफुंकेनचा प्रयत्न फसला, राजवट आली, युद्ध झालं, कोलोनने पाठ फिरवली. यातलं काहीही त्याच्या हातात नव्हतं. पण १९५८ ते १९७० च्या मधली वर्षं त्याच्या हातात होती. काम होतं, स्टुडिओ होता, नाव होतं. त्या वर्षांत चार तरुण शेजारी बसले असते तर हे वाद्य त्याच्यावर अवलंबून राहिलं नसतं. चित्रपटाच्या कामाचा स्वभावच त्याच्या आड आला असावा. दिवस ठरलेला असतो, दिग्दर्शक दाराशी उभा असतो, आणि जो स्वतः सगळं करू शकतो तो शिकवत बसत नाही, करून मोकळा होतो. मी हे घराघरांत पाहिलंय. उत्तम ढोलकी वाजवणारा, रोज दोन प्रयोग असलेला, शेवटी कोणालाच तयार न करता जातो.

आणि तरीही, त्याने वाद्य सोडून कोलोनची वाट धरली असती, किंवा १९६० च्या दशकात आलेले पट्ट्यांचे सिंथेसायझर घेतले असते, तर आज आपल्याला भागाकाराचे हे स्वर ऐकायलाच मिळाले नसते. त्याच्या जिद्दीनेच ते वाद्य वाचलं, आणि त्याच जिद्दीने एकटंही पडलं. मला यातलं एक खरं आणि दुसरं खोटं ठरवता येत नाही.

सत्तरीनंतर

१९८० च्या दशकात बर्लिनमधल्या टपाल-तार खात्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या काही प्राध्यापकांनी मिक्स्तुर-ट्राउटोनियम ट्रान्झिस्टर वापरून नव्याने बांधलं. ते १९८८ च्या सुमारास तयार झालं. ओस्कार तेव्हा ७८ वर्षांचा. जुनं वाद्य अवजड, काचेच्या व्हॉल्व्हचं, त्याच्याशिवाय कोणाला न उलगडणारं. नवं त्याच्याच तत्त्वांवर, पण दुसऱ्यांच्या हातून झालेलं. पहिल्यांदाच या वाद्याचा नकाशा त्याच्या डोक्याबाहेर कुठेतरी नीट उतरला होता.

त्यावर त्याने नव्या रचना केल्या आणि ध्वनिमुद्रिका काढल्या. त्या ऐकताना मला दरवेळी जाणवतं की इथे कोणी पळत नाही, खून होत नाही, पोलाद वितळत नाही. नुसती तार आहे आणि तिच्याखालचे स्वर. बोट वर सरकतं, खालचा मध्यम आणि कोमल धैवत त्याच्यामागे येतात, आणि बराच वेळ काहीच घडत नाही. चित्रपटाने या वाद्याला कधी एवढा वेळ दिला नव्हता.

त्याचा वारसा, टेपा, कागद आणि वाद्यं, म्युनिकच्या ड्यूश म्यूझियमकडे गेला. २६ फेब्रुवारी २००२ ला बर्लिनमध्ये ओस्कार गेला. त्यानंतर म्युनिकचा पीटर पिख्लर मिक्स्तुर-ट्राउटोनियम घेऊन मैफली करू लागला. म्युनिकजवळच्या डोप्फर कंपनीने ट्राउटोनियमच्या धर्तीवरचे वेगवेगळे भाग बनवून विकायला ठेवले. २०२० मध्ये मूग कंपनीने सबहार्मोनिकॉन नावाचा सिंथेसायझर काढला, त्यात भागाकाराचे स्वर बटणं फिरवून निवडता येतात, आणि त्यामागची प्रेरणा म्हणून ओस्कारच्या वाद्याचं नाव कंपनीने घेतलं आहे.

माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी एकीने गेल्या वर्षी त्याच तत्त्वाचं एक सॉफ्टवेअर लॅपटॉपवर उघडलं, षड्ज लावला, ३ ने भागला, ५ ने भागला, आणि शेजारी तंबोरा सुरू केला. वर स्वयंभू गंधार, खाली कोमल धैवत. दोघांचं अजिबात जमत नव्हतं. तिने माऊसने स्वर सरकवून पाहिला, मग चिडून म्हणाली, "सर, याला बोट पाहिजे."